बोलका स्पर्श

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापूर शहरात ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी ल्यालेले भक्त उंच व जड ध्वजकाठ्या उभ्या तोलून धरीत मिरवणुकीने चालतात. हे काम केवळ बळाचे नव्हे. अंगी बळ पुष्कळ असेल, पण तोल साधत नसेल, तर काठी क्षणभरही उभी राहणार नाही. म्हणूनच यात्रेपूर्वी कित्येक दिवस नंदीध्वज पेलण्याचा सराव चालतो.

या सरावात शिकायचे असते ते काय? काठीचे टोक डोक्यापासून फार उंच असते. गर्दीतून पाऊल टाकताना त्याच्याकडे सारखे पाहत राहणे शक्य नसते. परंतु काठी एका बाजूस किंचित झुकू लागली की तिचा भार हातावर त्या बाजूस सरकतो. हात तो बदल ओळखतो, आणि मनात विचार उमटण्यापूर्वीच हातपाय तोल सावरून घेतात. हात काठीला सांभाळीत असतो. आणि त्याच वेळी काठी हाताशी बोलत असते.

असे हे दुहेरी बोलणे आपल्या भोवती सर्वत्र चाललेले असते. सोलापूर जिल्ह्यात शेतावर गेलात, तर खिल्लार बैलांची जोडी हाकणारा शेतकरी अजूनही दृष्टीस पडेल. पांढऱ्या रंगाची, लांब शिंगांची व चपळ चालीची ही जात याच माणदेशी मुलखाची आहे. शेतकऱ्याच्या हाती कासरा असतो. कासरा ओढला की बैल वळतो, हे कोणीही सांगेल. पण बैलाने मान झटकली, तो बुजला, थकला, किंवा त्याने वाट ओळखून आपणच चाल वाढविली, तर तेही कासऱ्यातूनच शेतकऱ्यास कळते. कासरा ही आज्ञा नेणारी दोरी आहे, तशीच उत्तर आणणारीही आहे.

नांगराचे रुमणे धरणाऱ्या हाताचीही हीच गोष्ट. नांगराचा फाळ जमिनीच्या पोटात असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. तरीही फाळ मऊ मातीतून चालला आहे, कठीण ढेकळास भिडला आहे, की दगडावर घासतो आहे, हे रुमण्याच्या थरथरीवरून जाणता शेतकरी ओळखतो. दगड लागताच तो रुमणे उचलतो व फाळ वाचवितो. डोळ्यांनी दगड पाहीपर्यंत थांबला असता, तर फाळ मोडला असता. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारीचे पीक डोलताना दिसते, त्याच्या मुळाशी अशा कित्येक हातांचे हे मुके ज्ञान आहे.

हाताच्या अंगी एवढे सामर्थ्य येते कोठून? आपल्या तळहाताच्या व बोटांच्या कातडीत स्पर्श ओळखणारे सुमारे १७,००० सूक्ष्म ज्ञानतंतू येऊन पोहोचलेले असतात. त्यांचे मुख्यत्वे चार प्रकार आहेत. काहींना स्थिर दाब कळतो, काहींना कातडी ताणली गेल्याचे कळते, काहींना वस्तू निसटू लागल्याचे कळते, तर काहींना अतिशय बारीक कंप कळतो. हा शेवटचा प्रकार एका सेकंदास अडीचशेच्या आसपास होणाऱ्या कंपांना विशेष लवकर जागा होतो. याशिवाय स्नायू व सांधे यांतूनही, हात कोठे आहे व त्यावर किती जोर पडतो आहे, याची वार्ता मेंदूस सतत जात असते.

एक सोपा प्रयोग करून पाहा. डोळे मिटून पेन्सिल हाती घ्या. तिचे टोक प्रथम बाकावर, मग वहीवर, मग सदऱ्याच्या कापडावरून हळूहळू फिरवा. तुमचे बोट यांपैकी कशासही लागलेले नाही; तरीही टोकाखाली काय आहे, ते तुम्हांस ओळखता येईल. पेन्सिलीच्या टोकाशी उत्पन्न झालेला कंप लाकडातून बोटांपर्यंत आला. जणू तुमचा हात पेन्सिलीच्या लांबीइतका वाढला! अंध मनुष्य पांढऱ्या काठीने वाट शोधतो, तो याच शक्तीच्या आधारे.

कुशल हातांच्या ज्ञानातील एखादा अंश यंत्रासही देता येतो. सोलापूर हे विणकरांचे शहर. चादरी व टॉवेल यांमुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. हातमागावर बसलेला विणकर उभ्या धाग्यांवर नुसता हात फिरवून त्यांचा ताण कमी की अधिक, हे सांगू शकतो. पुढे स्वयंचलित माग आले, तेव्हा प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लोंबकळत ठेवण्याची युक्ती निघाली. धागा शाबूत असेपर्यंत तो पट्टीला तोलून धरतो. धागा तुटला की पट्टी खाली पडते, आणि तिच्यामुळे माग आपोआप थांबतो. येथे यंत्रास स्पर्शाचा एक साधा गुण लाभला.

परंतु मागाच्या पट्टीस जे कळले, ते मागापाशीच राहिले. विणकराच्या हातास ते परत मिळाले नाही. यंत्रास कळलेली गोष्ट माणसाच्या हातास कळविणे ही त्याच्याही पुढची पायरी आहे. जेथे माणूस यंत्राला दुरून किंवा हाताने वाट दाखवितो, तेथे या पायरीची फार गरज भासते.

अशा यंत्रांत यंत्रमानवांचा समावेश होतो. यंत्रमानवाला इंग्रजीत रोबॉट म्हणतात. हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या एका नाटकातून जगभर पसरला. त्याच्या मुळाशी 'सक्तीची मजुरी' या अर्थाचा चेक शब्द आहे. यंत्रमानव म्हटला की हातपाय व डोके असलेली लोखंडी मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. पण प्रत्यक्षात पुष्कळसे यंत्रमानव चाकांवर चालणाऱ्या गाडीसारखे असतात. पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने 'दक्ष' नावाचा असा एक यंत्रमानव तयार केला. संशयित स्फोटक वस्तूपाशी माणसाऐवजी त्यास पाठवितात. तो जिना चढू शकतो व आपल्या हाताने वस्तू उचलू शकतो. २०११ साली दक्षची पहिली तुकडी भारतीय लष्कराच्या स्वाधीन करण्यात आली. त्याला चालविणारा जवान सुरक्षित अंतरावर राहतो व छायाचित्रकाने पाठविलेले दृश्य पडद्यावर पाहून त्यास आज्ञा देतो.

आता विचार करा. पडद्यावरील दृश्यावरून वस्तू दिसते. पण ती जड आहे की हलकी, चाक चिखलात रुतले की दगडास अडले, हे केवळ पाहून नेहमीच कळते असे नाही. धूर किंवा अंधार असेल, तर दृश्यही अंधूक होते. बोटांवर जाड फडके गुंडाळून शेंगदाणे उचलू पाहावेत, तशी चालविणाराची अवस्था होते. डोळे उघडे असूनही हात आंधळा राहतो.

ही अडचण शास्त्रज्ञांना फार पूर्वीच जाणवली होती. अणुशक्तीच्या प्रयोगशाळांत किरणोत्सर्गी पदार्थ हाताळावे लागतात. त्यांना हात लावणे तर दूरच, त्यांच्या जवळ उभे राहणेही धोक्याचे असते. म्हणून जाड भिंतीच्या एका बाजूस पदार्थ व दुसऱ्या बाजूस मनुष्य, अशी योजना करतात. अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस भिंतीपलीकडे काम करणारे यांत्रिक हात तयार केले. अलीकडची मूठ व पलीकडचा चिमटा पोलादी पट्ट्यांनी जोडलेले होते. मूठ हलविली की चिमटा हाले. आणि चिमट्याने जड वस्तू उचलली की तिचा भार पट्ट्यांतून मुठीवर येई. म्हणजे हा एक पोलादी कासराच म्हणावयाचा! १९५४ साली गर्ट्झ यांनी पट्ट्यांऐवजी विजेच्या साहाय्याने जोराची देवघेव करणारे यांत्रिक हात करून दाखविले. आपल्याकडे मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानेही अशा प्रकारचे यांत्रिक हात देशातच विकसित केले आहेत.

भिंतीशी जखडलेल्या यांत्रिक हातास जे साधले, ते चालत्याफिरत्या यंत्रमानवास कसे साधावे? एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या कारखान्यात चादरींचे गठ्ठे वाहून नेण्यासाठी विजेवर चालणारी गाडी आहे. तिच्यावर २०० किलो वजन आहे. गाडीच्या मागील बाजूस दोन मुठी असून, एक कामगार त्या धरून तिला वाट दाखवितो. प्रत्येक मुठीच्या आत जोर मोजणारे एक लहानसे उपकरण बसविले आहे. दोन्ही मुठी सारख्या रेटल्या की गाडी सरळ जाते. उजवी अधिक रेटली की ती डावीकडे वळते. एक किलो वजन उचलण्यास लागेल एवढ्या जोरानेही ती चालू लागते, कारण खरे श्रम विजेची चाके करतात. येथपर्यंत झाली ती आज्ञा.

आता उत्तराकडे वळू. गाडीच्या पुढे अडथळ्याचे अंतर मोजणारी उपकरणे असतात. गठ्ठ्यांच्या राशीमुळे कामगारास पुढचे दिसत नाही. पण या उपकरणांस दिसते. भिंत दोन मीटरवर असेपर्यंत मुठी सैल राहतात. अंतर एक मीटर उरले की मुठींना जोडलेली लहान विद्युतयंत्रे त्यांना हलकेच मागे रेटू लागतात. अंतर जसजसे घटते, तसतसा हा विरोध वाढतो. गाडी भिंतीला अजून लागलेलीही नसते. तरी कामगाराच्या हातास जणू भिंत आधीच लागते. तो काहीही न पाहता थांबतो किंवा वळतो.

हातास उत्तर देण्याचा याहून सोपा व स्वस्त असा दुसरा मार्ग म्हणजे कंप. आवाज बंद ठेवलेला भ्रमणध्वनी खिशात थरथरतो, त्याप्रमाणे मूठ थरथरते व सावध करते. परंतु यात एक मोठी गोम आहे. उजव्या मुठीत कंप जाणवला, तर त्याचा अर्थ 'उजवीकडे वळ' असा घ्यावयाचा, की 'उजवीकडे अडथळा आहे, तिकडे जाऊ नकोस' असा? दोन्ही अर्थ संभवतात, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत! म्हणून कंपाची भाषा आधी ठरवावी लागते व चालविणारास शिकवावी लागते. मूठ मागे रेटली जाणे ही भाषा मात्र कोणास शिकवावी लागत नाही. कारण प्रत्यक्ष वस्तूही हाताशी तशीच वागते. कंप 'सावध' एवढेच सांगतो. विरोधाचा जोर मात्र दिशा व प्रमाण दोन्ही सांगतो.

उत्तर खरे असावे, तसेच ते वेळेवरही यावे लागते. चंद्राचे उदाहरण पाहा. १९७० च्या नोव्हेंबर महिन्यात सोव्हिएत संघाची 'लुनोखोद' ही गाडी चंद्रावर उतरली. पृथ्वीवर बसलेले चालक तिला चालवीत होते. चंद्र येथून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. आज्ञा तेथे पोहोचून उत्तर परत येण्यास प्रकाशाच्या वेगानेही अडीच सेकंद लागतात. शिवाय चित्रेही थांबून थांबून येत. त्यामुळे चालकांस गाडी थोडी चालवून थांबावे व वाट पाहावी लागे.

नंदीध्वज पेलणाऱ्या भक्तास काठीचा झोक अडीच सेकंद उशिरा जाणवला असता, तर काय झाले असते? झोक कळेपर्यंत काठी फार कलली असती. ती सावरण्यासाठी त्याने हात जोराने दुसरीकडे नेला असता. तोपर्यंत परिस्थिती बदललेली असती, आणि काठी विरुद्ध बाजूस कोसळली असती. उशिरा आलेले खरे उत्तरही खोट्या उत्तराइतकेच घातक ठरू शकते. यंत्रमानवाच्या मुठीतही असेच घडते. उत्तर उशिरा आले की हात व यंत्र एकमेकांना मागेपुढे ढकलू लागतात आणि मूठ हिसके देऊ लागते. म्हणून असे यंत्र घडविताना अभियंत्यांना जोर मोजणे, तो पोहोचविणे व विलंब कमी करणे या तिन्ही गोष्टी एकत्र साधाव्या लागतात. हे काम वाटते तितके सोपे नाही. एवढी नाजूक शस्त्रक्रिया करणारी यांत्रिक साधने निघाली. परंतु त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेल्या साधनात, अवयवावर पडणारा जोर शल्यचिकित्सकाच्या हातास कळविण्याची सोय २०२४ साली मान्यता मिळालेल्या नव्या आवृत्तीत प्रथम आली.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर आपल्या पायांखाली आहे. शहराच्या भुयारी गटारांत साचलेली घाण काढण्यासाठी माणसांना आत उतरविण्याची रीत आपल्या देशात फार काळ चालत आली. गटारातील विषारी वायूने कित्येक कामगार प्राणांस मुकले. २०१३ साली संसदेने कायदा करून, संरक्षक साधनांवाचून माणसाला गटार साफ करण्यास लावणे हा गुन्हा ठरविला. तरीही असे मृत्यू पुढे घडतच राहिले. २०१८ साली केरळातील तरुण अभियंत्यांनी तिरुअनंतपुरम येथे 'बँडीकूट' नावाचा यंत्रमानव कामास लावला. तो गटारात उतरतो, आणि चालविणारा कामगार वर मोकळ्या हवेत उभा राहून त्यास चालवितो.

अशा कामगाराच्या अनुभवाचे मोल विसरता कामा नये. गटारात अडकलेला दगड कोणता, चिखल कोणता, कोठे जोर लावावा व कोठे हात आखडता घ्यावा, हे त्याच्या हातांना ठाऊक असते. यंत्र केवळ त्याच्या आज्ञा घेत राहिले, तर ते ज्ञान वरच राहील व फुकट जाईल. यंत्राने त्याच्या हातास उत्तर दिले, तर त्याचे शरीर धोक्यापासून दूर राहील आणि त्याचे कौशल्य मात्र थेट कामापर्यंत पोहोचेल. माणसाला संकटातून बाहेर काढावयाचे, पण कामातून त्याचा हात काढून घ्यावयाचा नाही. हेच या विद्येचे खरे ध्येय आहे.

काही लोकांस वाटते की, यंत्रे आली म्हणजे हाताच्या कसबाची किंमत संपली. परंतु ज्यांना उत्तम यंत्र घडवावयाचे आहे, त्यांना कुशल हात जे जाणतो ते मोजावे लागते, समजून घ्यावे लागते व मग यंत्रात उतरवावे लागते. कासरा धरणारा शेतकरी, धाग्याचा ताण ओळखणारा विणकर व नंदीध्वज तोलणारा भक्त हे या अर्थाने अभियंत्याचे गुरूच होत. जो दुसऱ्यास वाट दाखवितो, त्याने त्याचे म्हणणेही ऐकले पाहिजे. बैल असो वा यंत्र, हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे. आणि तो पाळणारा हातच खऱ्या अर्थाने कुशल होय.

अभ्यास

१. 'कासरा ही आज्ञा नेणारी दोरी आहे, तशीच उत्तर आणणारीही आहे,' असे लेखकाने का म्हटले आहे?

२. स्वयंचलित मागावरील पट्टी कोणते काम करते? तिला कळलेली गोष्ट कोणास कळत नाही?

३. कंप व विरोधाचा जोर या दोन प्रकारच्या उत्तरांत कोणता फरक आहे? गठ्ठे वाहणाऱ्या गाडीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

४. उशिरा मिळालेले उत्तर घातक का ठरते?

५. वाक्यांत उपयोग करा : प्राणांस मुकणे, हात आखडता घेणे, स्वाधीन करणे, फुकट जाणे.

६. उपक्रम : एका मित्राचे डोळे बांधा व त्याच्या दोन्ही हातांत दोरीचे एकेक टोक द्या. मागून चालत, न बोलता, केवळ दोरी हलकेच ओढून त्यास मैदानात वळणे घ्यावयास लावा. दोरीतून तुम्हांस त्याच्याविषयी काय कळले, ते पाच ओळींत लिहा.